दिवाळीच्या सुट्टीत वर्षावन बघायचंय, नेमकं कुठे जावं? (बडोद्याहून, ६ जण)

मांडवीकर | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. यंदा भाऊबीज ११ नोव्हेंबरला आहे. १२ ते २३ नोव्हेंबर असे बारा दिवस मोकळे आहेत. आम्ही दोघं, ११ वर्षांची मुलगी, १६ वर्षांचा मुलगा आणि आई-बाबा (वय ६८ आणि ७२). आईचे गुडघे दुखतात. सपाट वाटेवर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालते, चढ जमत नाही. सगळे शाकाहारी. गीर, कान्हा बघून झालंय, आता खरंखुरं वर्षावन बघायचंय. यादी अशी: ॲमेझॉन, बोर्निओ, श्रीलंकेचं सिंहराजा, मलेशियाचं तामान नगारा, सायलेंट व्हॅली, आगुंबे, अंदमान. यातलं काय निवडावं, आणि मुख्य म्हणजे कशावरून निवडावं?

रानजाई | सोमवार, रात्री १०:४०

मांडवीकर, यादी जरा बाजूला ठेवा. वर्षावनाच्या बाबतीत आधी तारीख बघायची, मग जागा. तुमची तारीख पक्की आहे, त्यामुळे निम्मी निवड आपोआप होते.

आपलं बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, उष्ण कटिबंधातच. तरी जांबुघोड्याला किंवा रतनमहालला वर्षावन नाही, कारण आपल्याकडे सगळा पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी राहते. म्हणून साग पानं गाळतो. वर्षावनाला ओल बाराही महिने लागते, कोरडा काळ असलाच तर थोडका. उलट अरुणाचलातलं नामदफा २७ अंशांच्याही वर, कटिबंधाच्या बाहेर आहे, तरी तिथे सखल भागात अस्सल सदाहरित वर्षावन आहे. सांगायचा मुद्दा, या जंगलांमध्ये 'पाऊस नसलेला सीझन' शोधू नका. 'कमी पावसाचे दोन-तीन महिने' शोधा, आणि ते प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात.

तुमच्या यादीला तारीख लावून बघू.

सिंहराजा: जानेवारी ते मार्च उत्तम, ऑगस्ट-सप्टेंबर बरा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा तिथे दोन मोसमी पावसांमधला जोरदार सरींचा काळ, दुपारनंतर रोज झोडपतो. आता नको.

तामान नगारा: तिथे ईशान्य मोसमी पाऊस नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत असतो. नद्या फुगतात, बोटी बंद पडू शकतात. एप्रिल ते सप्टेंबरात जावं. हे मे महिन्याच्या सुट्टीचं जंगल.

केरळातली सायलेंट व्हॅली आणि तमिळनाडूतलं वालपारै: डिसेंबर ते मार्च. नोव्हेंबरात परतीच्या मोसमी पावसाचं सावट असतं.

आगुंबे: नोव्हेंबरात पाऊस बराचसा ओसरलेला, ओढे भरलेले. तुमच्या तारखांना बसतं.

अंदमान: नोव्हेंबरच्या मध्यापासून बरं व्हायला लागतं, पण याच दिवसांत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात. बोट रद्द झाली तर एक-दोन दिवस अडकायची तयारी हवी.

तुमच्या यादीत नसलेला वरचा आसाम आणि नामदफा: नोव्हेंबर ते मार्च हाच सीझन. माझं मत तिकडेच झुकतं.

अजून एक, आणि हे मुलांना आधीच सांगा. गीरमध्ये जिप्सीत बसून सिंह दिसतो, तसं इथे होत नाही. वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोहोचतो, प्राणी ३०-४० मीटर उंचावर, पानांच्या आड. आधी ऐकू येतं, मग पान हलतं, मग कधीतरी दिसतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचाच हिरमोड होतो, तिसऱ्या दिवशी डोळा बसतो. म्हणून एका जागी निदान तीन रात्री काढाच. बारा दिवसांत पाच ठिकाणं असा बेत केलात तर गाडीतून हिरवा रंग तेवढा बघून याल.

काळाघोडा | मंगळवार, सकाळी ७:५०

रानजाईंशी सहमत. ॲमेझॉनबद्दल थोडं खुलासेवार लिहितो, कारण नाव मोठं असल्यामुळे सगळ्यांच्या यादीत ते पहिलं येतं.

बडोदा-मुंबई, मुंबईहून एक-दोन ठिकाणी विमान बदलून साओ पावलो, तिथून मनौस, मग नदीतून किंवा रस्त्यानं लॉज. जायला पुरे दोन दिवस, यायला दोन, शिवाय वेळेतला साडेनऊ तासांचा फरक अंगातून जायला दोन. बारातले सहा गेले.

दुसरं, मनौसच्या बाजूला रिओ नेग्रोचं पाणी वर्षभरात दहा मीटरहूनही जास्त वर-खाली होतं. जूनच्या सुमारास भरलेलं असतं, तेव्हा होडी थेट झाडांच्या शेंड्यांमधून जाते, आणि ॲमेझॉनची खरी जादू तीच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी तळाला. तेव्हा होडी लांब थांबते, चिखलाच्या काठावरून चढून जावं लागतं आणि पाण्यातलं जंगल कोरडं पडलेलं असतं. आईंच्या गुडघ्यांसाठी हा सगळ्यात वाईट महिना.

तिसरं, पीतज्वराची लस. ब्राझील, पेरू, इक्वेडोर या देशांतून परत येताना भारतातल्या विमानतळावर पिवळं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पहिल्यांदाच घेणाऱ्या साठीपुढच्या माणसांना या लशीचे गंभीर दुष्परिणाम व्हायची शक्यता वाढते, म्हणून आई-बाबांच्या बाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिकीट काढूच नका.

ॲमेझॉन हवंच असेल तर मुलं मोठी झाल्यावर, जून-जुलैत, तीन आठवडे काढून. पेरूच्या बाजूनं तांबोपाताला जायचं असेल तरी जून ते सप्टेंबरच.

फत्तेगंज_७ | मंगळवार, सकाळी ९:०५

एवढं लांब कशाला? सायलेंट व्हॅली आपल्या देशातलं सगळ्यात नावाजलेलं वर्षावन. धरणाचा प्रकल्प लोकांनी चळवळ करून थांबवला आणि १९८४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. सिंहपुच्छ वानर, कुंतीपुळा नदी, सगळं आहे. कोकण रेल्वेनं केरळला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या बडोद्याला थांबतात. शोरानूरला उतरायचं, मन्नारक्काडवरून मुक्काली. नोव्हेंबरात पडला पाऊस तर पडला!

रानजाई | मंगळवार, दुपारी १:३०

फत्तेगंज, जंगलाबद्दल दुमत नाही, ते अनमोलच आहे. पण तिथला प्रवास कसा असतो ते मांडवीकरांना माहीत हवं. मुक्कालीला वनखात्याच्या जीपमध्ये बसायचं, सैरंध्रीपर्यंत २३ किलोमीटर खडबडीत रस्ता, तेवढाच परत. सगळं मिळून चार-पाच तास. सैरंध्रीला मनोऱ्यावरून दरी बघायची, पायऱ्या खूप आहेत. नदीवरच्या पुलापर्यंत दीडेक किलोमीटर उतार, आणि तो परत चढायचा असतो. बहुतेक पर्यटकांसाठी ही एका दिवसाची फेरी. पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे जंगल जागं असतं तेव्हा, आपण बाहेर. गाड्यांची संख्या मर्यादित, त्यामुळे सुट्टीत आधी बुकिंग केल्याशिवाय मुक्कालीला धडकू नये.

सिंहपुच्छ वानरच बघायचं असेल तर वालपारै. पुदुतोट्टमच्या आसपास चहाच्या मळ्यांमधून जंगलाचे तुकडे उरलेत आणि वानरांच्या टोळ्या रस्त्याच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर दिसतात. काळं अंग, तोंडाभोवती करडी आयाळ, शेपटीला गोंडा. आई-बाबांना गाडीच्या बाहेर पाऊल टाकावं लागणार नाही. त्यांना खायला मात्र काही द्यायचं नाही. खाऊच्या आशेनं ती डांबरावर येतात आणि गाड्यांखाली जातात. आळियारहून वर जाताना ४० हेअरपिन वळणं आहेत, गाडी लागणाऱ्यांनी आधी गोळी घ्यावी. निघण्यापूर्वी ई-पासचे नियम बघा. जानेवारीत जा, नोव्हेंबरात नको.

सोनकी | मंगळवार, दुपारी ३:१०

आगुंबेबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून. खर्च आणि दगदग दोन्ही सगळ्यात कमी इथेच. बडोद्याहून कोकण रेल्वेनं उडुपी, तिथून घाट चढून साधारण ५५ किलोमीटर. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं गाव, नागराजाचं, म्हणजे किंग कोब्राचं ठिकाण म्हणून प्रसिद्ध. तो दिसेल हे मात्र धरून चालू नका. घरगुती मुक्काम, सात्त्विक जेवण, आई-बाबांना खूप सोयीचं. एकच काळजी: डिसेंबर ते मे या काळात त्या पट्ट्यात गोचिडींमुळे माकडताप पसरतो (१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातच तो पहिल्यांदा सापडला). नोव्हेंबरात धोका कमी, तरी पाचोळ्यात बसायचं नाही आणि मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेनं जायचं नाही.

आणि कधी सावंतवाडीकडे जाणं झालं तर दोडामार्ग तालुक्यातली हेवाळे-बांबर्डेची देवराई बघा. जायफळाच्या कुळातली झाडं दलदलीत उभी आहेत आणि श्वास घ्यायला त्यांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात. जागा इवलीशी, अर्ध्या तासात बघून होते, पण असं जंगल आपल्या महाराष्ट्रात आहे हे फार कमी जणांना ठाऊक आहे. तिथे चप्पल काढून, आवाज न करता जायचं. देवाचं रान आहे.

पाणवठा | मंगळवार, रात्री ८:२०

बोर्निओचा पर्याय इतक्यात खोडू नका. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी जगातलं सगळ्यात सोयीचं वर्षावन म्हणजे मलेशियाच्या साबा राज्यातली किनाबातांगान नदी.

अहमदाबाद किंवा मुंबईहून क्वालालंपूर, तिथून विमानानं सांदाकान, तिथून गाडीनं अडीच-तीन तासांवर सुकाऊ. मुक्काम नदीकाठच्या लॉजवर. सकाळी सहाला आणि दुपारी चारला बोट निघते, दोन-दोन तास. आपण नुसतं बसून राहायचं. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवरच येतात, म्हणून दुपारची फेरी चुकवायची नाही. धनेश, मगरी, नशीब असेल तर ओरांगउटान आणि बुटके हत्ती. विश्वामित्रीतल्या मगरी बघून सरावलेल्यांनीसुद्धा हात बोटीच्या आतच ठेवावा, तिथली खाऱ्या पाण्यातली मगर वेगळ्या मापाची आहे.

आता दुखरी बाजू. तिथे प्राणी इतके सहज दिसतात याचं कारण, काठालगतच्या चिंचोळ्या पट्ट्यामागे मैलोन्‌मैल पामतेलाची लागवड आहे. त्यांना मागे सरायला जागाच उरलेली नाही. सांदाकानहून जाताना दोन तास एकच झाड बघत जावं लागतं, मन खिन्न होतं. अखंड जुनं जंगल बघायचं असेल तर दानुम व्हॅली: ४३८ चौरस किलोमीटर, लाहाद दातूहून कच्च्या रस्त्यानं. जगातलं सगळ्यात उंच उष्णकटिबंधीय झाड म्हणून मोजलेलं १०० मीटरचं मेरांती तिथेच आहे. पण मुक्कामाच्या जागा मोजक्या, महाग, आणि बरेच महिने आधी भरतात. नोव्हेंबरसाठी आता उशीर झालाय.

तारखांचं म्हणाल तर साबाच्या पूर्व किनाऱ्यावर जास्त पाऊस डिसेंबर-जानेवारीत. नोव्हेंबरच्या मध्याला तो सुरू होऊ लागतो. चालेल, पण उत्तम नाही. कागदपत्रं: मलेशियाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे, क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानानं गेलात तरी पासपोर्ट पुन्हा तपासतात. त्यामुळे विमान बदलायला तीन तास तरी ठेवा.

वाटसरू | मंगळवार, रात्री ९:००

ज्यांची सिंगापूरची सहल आधीच ठरलेली असते त्यांच्यासाठी: शहराच्या मधोमध बुकित तिमाह, १६३ हेक्टर, मूळचं वर्षावन. डांबरी वाट आहे, पण चढ आहे. जवळच मॅक्रिचीला झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा २५० मीटरचा झुलता पूल आहे. पूल सोमवारी बंद, आणि तिथवर पोहोचायलाच बरंच चालावं लागतं. मुलांसाठी एक सकाळ सोन्यासारखी.

मांडवीकर | मंगळवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. ॲमेझॉन, सिंहराजा, तामान नगारा या वर्षीपुरते यादीतून काढले. आता आसाम की बोर्निओ एवढंच. आसाममध्ये काझीरंगा सोडून कुठे काय हे आम्हाला काहीच माहीत नाही. कोणी ओळीनं सांगेल का?

भिंगरी | बुधवार, सकाळी ६:४५

मी सांगते, आणि आवडीनं सांगते, कारण ही जंगलं लोकांच्या नजरेत अजून भरलेली नाहीत.

काझीरंगा वेगळं. ते गवताळ आणि पाणथळ, वर्षावन नव्हे. तुम्हाला हवंय ते आणखी पूर्वेला, तीन टप्प्यांत.

पहिला टप्पा, जोरहाटजवळ मरियानीचं होलोंगापार गिबन अभयारण्य. फक्त २१ चौरस किलोमीटर, चारी बाजूंना चहाचे मळे. तरी इतक्याशा जागेत वानर-माकडांच्या सात जाती: हुलॉक गिबन, टोपीवाला वानर, आखूड शेपटीचं माकड, डुकरासारख्या शेपटीचं माकड, आसामी माकड, आपलं लाल तोंडाचं माकड आणि रात्री फिरणारा लाजवंती (स्लो लॉरिस). गिबन हा भारतातला एकमेव कपी, शेपूट नाही. नर काळा, मादी भुरी, दोघांच्याही भुवया पांढऱ्या. सकाळी जोडी मिळून साद घालते, ती किलोमीटरभर ऐकू जाते. उन्हं तापली की थांबतात. म्हणून दार उघडतं त्याच वेळी दारात हजर राहायचं. वाटाड्या आणि वनरक्षक सोबत घ्यावाच लागतो (हत्ती आहेत). वाट सपाट, आईंना जमेल. जंगलाच्या मधून रेल्वे गेलेली आहे. गिबन सहसा जमिनीवर उतरत नाहीत, त्यामुळे रुळांच्या एका बाजूची कुटुंबं दुसऱ्या बाजूला जाऊ शकत नाहीत. मुलांना ती जागा दाखवाच. जंगल तुटणं म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं.

दुसरा टप्पा, देहिंग पटकाई, २०२१ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं. मुक्काम डिग्बोईला करा. आपल्या बडोद्याजवळच्या कोयली रिफायनरीतल्या मंडळींना हे नाव नवीन नसेल, १९०१ सालची रिफायनरी तिथली. गाव शांत, नीटनेटकं. तिथून जयपूरचं जंगल (राजस्थानचं नव्हे, नाहरकटियाजवळचं) गाडीनं गाठता येतं. होलोंगची झाडं ४०-५० मीटर उंच, पहिली फांदी निम्म्याच्या वर, खोड खांबासारखं सरळ. होलोंगच्या फळाला लांबट दोन पंख असतात. झाडाखाली पडलेलं वाळकं फळ शोधून मुलीच्या हातात द्या आणि उंचावरून सोडायला सांगा. गरगर फिरत, तिरकं होत, सावकाश खाली येतं. एवढं जड बी झाडापासून थोडं लांब पडावं म्हणून ही योजना, कारण खालच्या अंधारात वारा फिरकत नाही, जो काही वारा असतो तो शेंड्यावरच. फळ बघून झालं की तिथेच ठेवायचं.

तिसरा टप्पा नामदफा. १९८५ चौरस किलोमीटर, पायथ्याची २०० मीटर उंची ते ४५७१ मीटरचं दाफा बुम शिखर. दिब्रुगडहून मियाव, मियावहून जंगलातल्या देबानच्या विश्रामगृहापर्यंत पंचवीसेक किलोमीटर कच्चा रस्ता. पुढे नोआ-दिहिंग नदी होडीनं ओलांडून हल्दीबारीपर्यंत ५ किलोमीटरची चढाची पायवाट. विजेचा भरवसा नाही, मोबाइलला रेंज नाही, शिधा मियावलाच भरायचा. आई-बाबांना घेऊन जाऊ नका. पण तुम्ही आणि मुलगा दोन रात्रींसाठी देबानला जाऊन येऊ शकता, बाकीचे डिग्बोईलाच थांबतील.

घड्याळाकडे लक्ष द्या. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि दुपारी साडेचारला अंधार पडायला लागतो. बडोद्याच्या सवयीनं आठला नाश्ता करून निघालात तर अर्धा दिवस गेला. पहाटे साडेचारला उठायचं, रात्री आठला झोपायचं.

नाडीपरीक्षा | बुधवार, दुपारी २:००

तब्येतीच्या चार गोष्टी.

नामदफाच्या बाजूला हिवताप आहे. गोळ्या घ्यायच्या की नाही, कोणत्या, हे आपल्या डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. काही औषधं निघायच्या आधी सुरू करून परतल्यावरही काही आठवडे घ्यावी लागतात. परत आल्यावर दोन-तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात जाऊन आलो' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. ताप आणि अंगावर काळी खपली धरलेला लहानसा डाग दिसला तर लगेच दाखवा. तो स्क्रब टायफस असू शकतो, औषध सोपं आहे पण उशीर महागात पडतो.

रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट घ्या, दोन वेगळ्या बॅगांत. रक्त पातळ करायची गोळी कोणी घेत असेल तर जळू चावल्यावर रक्त बराच वेळ वाहतं. घाबरायचं नाही, स्वच्छ कापूस दाबून दहा-पंधरा मिनिटं धरायचा, सारखा उचलून बघायचा नाही. गुडघ्यांसाठी टोकाला रबर असलेली चालायची काठी दोन्ही हातांत घ्या, एका हातात नको. ओल्या मुळांवर पाय सरकतो तेव्हा दोन काठ्यांनीच तोल राहतो.

सोनकी | बुधवार, सायंकाळी ६:१०

जळवांचा विषय निघालाच आहे तर. नोव्हेंबरात त्या कमी असतात, पण आदल्या रात्री पाऊस झाला की येतात. वाटेच्या कडेला पानाच्या टोकावर शेपटाकडून चिकटून उभ्या राहतात, काडीएवढ्या, आणि हवेत डोलत असतात. आपली चाहूल लागली की त्या बाजूला वळतात. तिथे थांबायचं नाही, फोटो चालता चालता.

उपाय: घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स, पँट त्यात खोचलेली. साध्या मोज्यांच्या विणीतून जळू आत शिरते. मोज्यांना तपकीर चोळतात, चांगली चालते, पण ओढा ओलांडला की धुऊन जाते, पुन्हा लावायची. चिकटलेली जळू उपटायची नाही. मीठ, काडी, डेटॉल तिच्यावर टाकायचं नाही, त्यानं ती पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळते. निमुळत्या टोकाशी, म्हणजे तोंडाशी, त्वचेलगत नख आडवं सरकवायचं, तोंड सुटलं की दुसरं टोक तसंच. टिचकी मारून उडवायची. जखम साबणानं धुवायची.

कपडे: सुती आणि जीन्स घरी ठेवा. त्या दमट हवेत सुती कपडा दोन-तीन दिवस वाळत नाही. पातळ पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मातकट किंवा हिरवा. चामड्याचे बूटही नकोत, एकदा भिजले की सहल संपेपर्यंत ओलेच. रेनकोटात घामानंच भिजायला होतं, साधी छत्री बरी. पण पहाटे वरच्या आसामात थंडी असते, स्वेटर हवा.

अंजीर | बुधवार, रात्री ९:३५

दुर्बीण १० पटीची घेऊ नका, ८ बाय ४२ घ्या. अंधाऱ्या जंगलात ती जास्त उजळ दिसते आणि हात कमी हलतो. दोघांत एक दुर्बीण म्हणजे रोजचं भांडण, सहा जणांत निदान तीन हव्यात. कॅमेऱ्यात आयएसओ ३२०० पर्यंत न्यायची तयारी ठेवा. झाडावरचं माकड आभाळासमोर काळं ठिक्कर येतं, एक्सपोजर एक-दीड पायरी वाढवा. एसी खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीत अर्धा तास राहू द्या, नाहीतर भिंगाच्या आत धुकं धरतं आणि नेमका तेव्हाच धनेश डोक्यावरून जातो. त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा असतो, ऐकलात की वर बघा.

काळाघोडा | बुधवार, रात्री १०:००

खाण्याचं: जोरहाट, डिग्बोईला डाळ-भात-भाजी सहज मिळते. मात्र भाजीला शेजारच्याच कढईतला झारा वापरतात, शुद्ध शाकाहारी असाल तर आधीच नम्रपणे सांगा. (पुढे कधी श्रीलंकेला गेलात तर नारळाच्या सांबोलात सुक्या माशाचा चुरा असतो, आणि मलेशियात पालेभाजीतही कोळंबीची बेलाचान पेस्ट घालतात. 'मांस नको' म्हटलं तरी ती येते, तिचं नाव घेऊन नाही म्हणायचं.) बडोद्याहून ठेपले नेले तर दोन दिवसांत संपवा, त्या हवेत बुरशी धरते. खाखरा आणि लिलो चिवडो घट्ट झाकणाच्या डब्यात, पाकीट फोडलं की खाखरा तासाभरात मऊ पडतो.

मांडवीकर | गुरुवार, सकाळी ८:३०

ठरलं! दिल्लीमार्गे जोरहाट, मरियानीजवळ तीन रात्री. मग गाडीनं डिग्बोई, पाच रात्री. त्यातल्या दोन रात्री मी आणि मुलगा देबानला. दिब्रुगडहून परत. बोर्निओ पुढच्या मे महिन्यासाठी राखून ठेवलंय. अरुणाचलचा परवाना दोघांचा वेगळा काढायचा का? आणि देबानचं बुकिंग आधी की परवाना आधी?

भिंगरी | गुरुवार, सकाळी १०:२०

इनर लाइन परमिट प्रत्येकाच्या नावाचं लागतं, ऑनलाइन अर्ज होतो. सोळा वर्षांच्या मुलाचा अर्जही भरायला विसरू नका. क्रम असा: आधी मियावच्या वनकार्यालयाशी बोलून देबानच्या तारखा पक्क्या करा, मग त्याच तारखांचा परवाना, पुढेमागे एकेक दिवस जास्त धरून. नदीला पाणी वाढलं तर एक दिवस वाढतो. परवान्याच्या तीन-तीन प्रती छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलवर विसंबू नका. आणि मियाव सोडण्यापूर्वी डिग्बोईला आईंना फोन करून परतायचा दिवस आणि वेळ सांगून ठेवा, पुढे दोन दिवस फोन लागणार नाही.

मांडवीकर | गुरुवार, सकाळी १०:४५

आजच मियावला फोन लावतो. होलोंगच्या फळाचं मुलीला वाचून दाखवलं, तिनं कागदाचं करून बघितलं, पंख दोन्ही सारखे झाले की फिरत नाही म्हणते.

भिंगरी | गुरुवार, सकाळी ११:०५

तिला सांगा, दोन्ही पंख थोडे उलट दिशांना मुरड आणि खाली पिठाच्या गोळीएवढं वजन लाव. मग फिरेल.